खिळ्यांवरचं दहिवर

जानेवारी. नदीपलीकडे कॅनडा,
अलीकडे ओदील तिबोदोचं घर,
बटाट्याच्या शेतांकडे पाठ करून उभं,
एकोणीसशे अकरा सालापासून.
मी शिडीवरून पोटमाळ्यात डोकं घालतो,
बॅटरी पेटवतो:
छपराच्या फळ्यांतून खाली उतरलेल्या
प्रत्येक खिळ्याच्या टोकाला
पांढरा, फुगीर मणी. गोठलेला.
हजारभर तरी असतील.

"दुपारी छपरावर ऊन आलं की
इथं पाऊस पडतो," खालून ओदील सांगते.
"बाहेर कोरडं, आत पाऊस.
छपरवाल्याला दोनदा पैसे मोजले."

रोग रेड्याला, औषध पखालीला.
मादाम, हे पाणी वरून आलेलंच नाही.
हे तुमच्या सुपाचं, अंघोळीचं,
स्टोव्हवर दिवसभर ठेवलेल्या किटलीचं,
तळघरातल्या उघड्या मातीचं,
रात्रभर चाललेल्या तुमच्या श्वासाचं.
धुराड्याच्या कडेनं, दिव्याच्या भोकातून,
पोकळ भिंतींतून चढत चढत
इथवर येतं, थंड लोखंडाला टेकतं
आणि थिजतं.

ती ऐकून घेते. मग म्हणते तेच,
जे या खोऱ्यातली सगळी म्हातारी माणसं म्हणतात:
"शंभरावर वर्षं हे घर गारठलेलं होतं,
भिंतीतली एक फळी कुजली नाही.
तू ऊब कोंडशील, आणि ते सडेल."

मला हसता येत नाही.
जी ऊब वाया गेली म्हणून आपण हळहळतो
तीच भिंतीतून जाता जाता
लाकूड सुकवून जायची.
उधळ्या माणसासारखं होतं हे घर,
गाठीला काही राहिलं नाही,
पण पोटातही काही साठलं नाही.

माझं घर मात्र साठवत गेलं.
तेव्हा मी बावीस वर्षांचा. भिंतीत लोकर कोंबली,
वर प्लास्टिक ठोकलं,
आणि फुटक्या पन्हाळीची ओघळ
तशीच भिंतीवर येऊ दिली.
तिसऱ्या वसंतात पायाच्या तुळईला
स्क्रूड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत गेला.
लिझेत काही बोलली नाही,
नुसती वास घेत उभी राहिली.

म्हणून आधी पाणी.
पन्हाळ नीट, अंगणाचा उतार घरापासून दूर,
तळघरातल्या मातीवर जाड कागद, कडा चिकटवून.
दोन दिवस नुसतं हेच.
ओदील खिडकीतून बघते: हा ऊब कधी आणणार?

मग दारात लाल कापड ताणून
मधोमध पंखा बसवला, आणि घरानं
दीर्घ श्वास ओढला.
नवशिकी कोरीन धुरकांडी घेऊन फिरली.
जिन्याखाली धूर थरथरला,
कपाटामागे आडवा झाला,
आणि न्हाणीघराच्या पंख्याचा माग काढला तेव्हा कळलं,
त्याची नळी पोटमाळ्यातच सोडलेली.
"लेओंसनं बसवला होता," ओदील म्हणाली,
"त्याला भिंतीला भोक पाडवलं नाही."
आम्ही पाडलं.

धुराड्याभोवती पत्रा, आग सोसणारं लुकण,
बाकीच्या फटींत फेस,
आणि मग, सगळ्यात शेवटी,
जुन्या वर्तमानपत्रांचा राखाडी कीस,
हातभर उंच.
कुणाकुणाच्या लग्नाच्या, लिलावाच्या, मरणाच्या बातम्या
तिच्या छताच्या पाठीवर निजल्या.
छपराच्या कडेला वारा खेळायची वाट
मुद्दाम मोकळी ठेवली.

मार्चमध्ये तिचा फोन.
पोस्टमननं दार ठोठावलं होतं म्हणे, घाबरून.
सगळ्यांच्या छपरांवरून बर्फ घसरलं,
हिच्या छपरावर जसंच्या तसं,
त्याला वाटलं, आत कुणी उरलं नाही.
ती दारात आली, बाह्या वर केलेल्या, हातात डाव.
"किटली मात्र मी ठेवतेच हं," मला म्हणाली.

मी गेलो. शिडी लावली.
खिळे तांबूस, गंजके, कोरडे.
धुराड्यापाशी मात्र एका टोकाला
अजून एक मणी.
खाली कोरीनला हाक मारली,
धुरकांडी घेऊन ये.